क्राटोची लादी, चार पायांचा ‘साप’ आणि हरवलेला थर

भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: “ब्राझीलच्या क्राटो थरांतला चार पायांचा साप खरा की खोटा? २०१५ साली साप म्हणून गाजला, नंतर वाचलं की तो सापच नव्हे. अख्खा सांगाडा समोर असताना तज्ज्ञांचं एकमत का होत नाही? शिवाय त्याच थरांतल्या माशाचं एक छोटं फॉसिल ऑनलाइन विकायला आहे, ते घेऊ का?”

आधी थेट सांगते. तो खोटा नाही. प्राणी खरा आहे आणि त्याचे चार पायही खरे आहेत. साप आहे का? माझ्या मते नाही. त्याला सरडा ठरवणारा २०२१ चा अभ्यास मला जास्त पटतो, का ते खाली येईलच. मात्र हा वाद इतका चिघळला त्याचं कारण हाडांत कमी आणि ती लादी खाणीतून बाहेर कशी पडली यात जास्त आहे. म्हणून आधी तळं आणि खाण समजून घ्या. माशाचं शेवटी बोलू.

ईशान्य ब्राझीलमध्ये सेआरा, पेर्नांबुको आणि पियाउई या राज्यांच्या सीमेवर शापादा दो आरारीपे नावाचं सपाट माथ्याचं पठार आहे. त्याच्या पायथ्याला नोवा ओलिंदा आणि सांताना दो कारिरी ही गावं. तिथे पातळ पापुद्र्यांची चुनखडी सापडते, ती क्राटो शैलसमूहाची. वय साधारण साडेअकरा कोटी वर्षं, म्हणजे क्रिटेशस या डायनोसॉरांच्या शेवटच्या काळाचा पूर्वार्ध. गोंडवन हा दक्षिणेकडचा जुना महाखंड फुटत होता, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका अजून पुरत्या वेगळ्या झालेल्या नव्हत्या, आणि भूकवच ताणलं जाऊन जी खोलगट खोरी तयार झाली त्यांतल्या एकात हे पाणी साठलं होतं. तळं म्हणा, खारं सरोवर म्हणा. समुद्राशी त्याचा संबंध कधी आणि किती आला यावर अजून चर्चा चालते. हा मुद्दा लक्षात ठेवा, सापाच्या वेळी लागेल.

हा दगड हातात घेतला की पहिली नजर पडते ती त्याच्या पापुद्र्यांवर. ताज्या खाणीत तो निळसर करडा असतो, हवापाणी लागलेला पिवळट साईसारख्या रंगाचा. कडेने पाहिलं तर मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक थर एकावर एक, कुठेही न विस्कटलेले. तळाच्या चिखलात किडे, गोगलगायी, शिंपले राहत असते तर त्यांनी बिळं करून हे थर केव्हाच घुसळून टाकले असते. तशी बिळं इथे जवळजवळ नाहीतच. काही पातळ्यांवर मिठाच्या स्फटिकांचे चौकोनी ठसे मिळतात, म्हणजे पाणी अधूनमधून इतकं खारं होई की मीठ धरे. खारं, प्राणवायू नसलेलं पाणी, आणि त्यातही तळावर सूक्ष्मजीवांची चिवट साय. मेलेला प्राणी बुडून त्या सायीवर टेकला की ओरबाडायला कुणी नाही, हलवायला प्रवाह नाही, आणि काही काळाने साय वरूनही चढते. कीटकांच्या बाबतीत तर लोहखनिजाने शरीराचे बारकावे जसेच्या तसे उतरवले आहेत. पंखांच्या शिरा मोजता येतात.

पण यातून एक गैरसमज होतो. एवढं सुंदर जतन म्हणजे त्या काळच्या सगळ्या प्राण्यांची जणू यादीच मिळाली, असं वाटायला लागतं. तसं नाही. तळ्यात जे पडलं आणि बुडालं, तेवढंच मिळालं. सगळ्यात जास्त मिळतो डास्टिल्बे हा बोटाएवढा मासा आणि हजारोंनी कीटक. सरपटणारे प्राणी त्या मानाने फारच थोडे. ते बहुतेक पाण्यात राहणारे नव्हतेच. काठावरून वाहून आले, वरून पडले, किंवा कुणाच्या तरी तोंडातून सुटले.

त्यातही गट पुष्कळ आहेत. लांब मानेचं, चपट्या पाठीचं आरारिपेमिस हे कासव क्राटोच्या वर असलेल्या रोमुआल्दो थरांतून जास्त ओळखीचं, पण क्राटोतही मिळालं आहे. २००३ साली वर्णन झालेली सुसिसुकस ही छोटी मगर मला फार महत्त्वाची वाटते. आजच्या मगरींच्या पाठीवर जी खवल्यांची ढाल असते ती टप्प्याटप्प्याने कशी बनली, यातला मधला टप्पा तिच्या पाठीवर दिसतो. हाडांबरोबर त्वचेचेही काही अवशेष टिकले आहेत. सरडे तीन तरी नावांनी ओळखले गेले आहेत: तिजुबिना, ओलिंदालासेर्ता आणि कालांगुबान. तिन्ही लहानखुरे.

आणि टेरोसॉर. उडणाऱ्या सरीसृपांसाठी हे तळं जगात नावाजलेलं आहे. लुडोडॅक्टिलस या टेरोसॉरच्या कवटीचा फोटो मिळवा आणि खालचा जबडा नीट पाहा. जबड्याच्या दोन हाडांच्या मधे एक लांब, पात्यासारखं पान अडकलेलं आहे. पानाचं एक टोक चिंधाळलेलं आहे. वर्णन करणाऱ्यांचा तर्क असा की पान घशाखालच्या पिशवीत रुतलं, प्राण्याने ते काढायची धडपड केली, त्यात टोक झिजलं, आणि शेवटी तो उपाशी मेला. हे सिद्ध करता येत नाही. मेल्यानंतर पाण्यात तरंगतानाही पान तसं अडकू शकतं. तरी एका प्राण्याच्या अखेरच्या काही दिवसांबद्दल निदान तर्क करता येतो, हेसुद्धा फार थोड्या थरांत घडतं.

आता खाणीकडे. ही चुनखडी आपल्या शहाबादी फरशीसारखीच घराअंगणात घालायला वापरतात. ‘पेद्रा कारिरी’ या नावाने ती विकली जाते. कामगार दगड उचकटतात, करवतीने चौकोनी लाद्या कापतात, आणि मधेच एखादी लादी पापुद्र्यावर उकलते तेव्हा आत मासा किंवा कीटक दिसतो. म्हणजे क्राटोतली बहुतेक फॉसिलं कुणा संशोधकाने थर मोजत, नोंद करत काढलेली नाहीत. ती कामगाराच्या हातून दलालाकडे, दलालाकडून परदेशी व्यापाऱ्याकडे आणि तिथून संग्राहकाकडे किंवा संग्रहालयाकडे गेली. या साखळीत दगड पोहोचतो. कुठली खाण आणि कितवा थर, ही माहिती पहिल्याच टप्प्यावर गळते. खाणीचं नाव दलाल मुद्दामच सांगत नाही, त्याचा धंदा त्यावर असतो.

खरं तर १९४२ सालापासून ब्राझीलच्या कायद्याने फॉसिलं ही राष्ट्राची मालमत्ता आहेत आणि ती काढायला सरकारी परवानगी लागते. १९९० च्या नियमांनी त्यात भर घातली: परदेशी संशोधकांनी ब्राझीलमधल्या संस्थेबरोबरच काम करायचं आणि ज्या नमुन्यावरून नवी जात ठरते तो नमुना देशातच ठेवायचा. कायदा होता, तरी माल जातच राहिला. २०१३ साली सान्तोस बंदराच्या परिसरात पोलिसांनी छापा घातला आणि तीन हजारांच्या आसपास फॉसिलं पकडली. त्यात टुपांडॅक्टिलस नाव्हिगान्स या टेरोसॉरचा नव्वद टक्क्यांहून अधिक पूर्ण सांगाडा होता, चौकोनी कापलेल्या सहा लाद्यांवर पसरलेला. साओ पाउलो विद्यापीठात त्याचा अभ्यास झाला आणि २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. तोवर या प्राण्याच्या कवट्याच माहीत होत्या. डोक्यावर शिडासारखा प्रचंड तुरा, लांब मान, लांब पाय. संपूर्ण सांगाडा हाती आल्यावर मत झुकलं ते असं की हा प्राणी जमिनीवर चालून चरणारा असावा, आणि एवढं शीड डोक्यावर घेऊन फार लांबचं उडणं त्याला जड गेलं असावं. माल बोटीवर चढला असता तर हे सहा चौकोन सहा घरांच्या भिंतींवर गेले असते.

उबिराजाराचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. कोंबडीएवढा डायनोसॉर, मानेपाठीवर केसाळ आयाळ आणि खांद्यांतून निघालेल्या ताठ फितींच्या जोड्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याचा निबंध आला तेव्हा नमुना जर्मनीत कार्लस्रूहच्या संग्रहालयात होता आणि लेखकांत एकही ब्राझिलियन नव्हता. ब्राझीलच्या तरुण संशोधकांनी समाजमाध्यमांवर मोहीमच उघडली. निबंध मागे घेतला गेला, २०२२ साली तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या सरकारने नमुना परत करायचं ठरवलं आणि २०२३ च्या जूनमध्ये तो ब्राझीलला पोहोचला. आता तो सांताना दो कारिरीच्या प्लासिदो सिदादे नुवेन्स संग्रहालयात आहे, खाणींच्या शेजारी. निबंध मागे घेतल्यामुळे ते नाव मात्र शास्त्रीयदृष्ट्या अधांतरी लटकलं. शहाणपणाने झालेलं उदाहरण हवं असेल तर टुपांडॅक्टिलस इम्पेरातोरचा तुरा पाहा. बेल्जियमच्या संग्रहालयात असलेल्या त्या नमुन्यावर २०२२ साली अभ्यास आला. तुऱ्याच्या मागच्या बाजूला पिसं होती, त्यांतली काही फांद्या फुटलेली, आणि त्यांतल्या रंगकणांचे आकार पिसांच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळे होते. म्हणजे पिसांचा रंग दाखवण्यासाठी वापर टेरोसॉरमध्येही होता. तो नमुना त्याच सुमाराला ब्राझीलला परत देण्यात आला. बोंबाबोंब झाली नाही, त्यामुळे फार लोकांना माहीतही नाही.

आता ‘साप’. टेट्रापोडोफिस अँप्लेक्टस. २०१५ साली डेव्हिड मार्टिल, हेल्मुट टिशलिंगर आणि निक लाँगरिच यांनी त्याचं वर्णन केलं. प्राणी जेमतेम वीस सेंटिमीटरचा. धडात १६० मणके, शेपटीत ११२. पाय सेंटिमीटरभराचे, पण बोटं स्पष्ट. पोटात कुठल्या तरी पृष्ठवंशी प्राण्याची हाडं. लांबच लांब धड, त्या मानाने आखूड शेपूट आणि मांसाहार एवढं बघून त्यांनी तो आदिम साप ठरवला. बोटांवरून तर्क केला की हे पाय चालण्यासाठी नसून भक्ष्य किंवा जोडीदार धरून ठेवायला वापरत असावेत. नावातलं ‘अँप्लेक्टस’, म्हणजे कवटाळणं, त्यावरूनच आहे.

शंका लगेच सुरू झाल्या. मायकल कॉल्डवेल, ब्राझीलचे तियागो सिमोएस आणि सहकाऱ्यांचा सविस्तर निबंध २०२१ साली आला. त्यांच्या मते हा डोलिकोसॉर गटातला सरडा. डोलिकोसॉर म्हणजे क्रिटेशस काळातले लांबुडके, पाण्यात राहणारे सरडे, त्यांचेही पाय बारीक असत. दोन्ही बाजू त्याच एका दगडाबद्दल बोलत होत्या, मग फरक कुठे पडला?

पातळ पापुद्र्यांचा दगड फुटतो तेव्हा फॉसिलच्या दोन बाजू होतात: एक लादी आणि तिची जोडलादी. हाडं नेहमी एकाच बाजूला राहतील असं नसतं. काही इकडे चिकटतात, काही तिकडे, आणि जिथून हाड निघून गेलं तिथे त्याचा साचा राहतो. टेट्रापोडोफिसमध्ये सांगाडा एका लादीवर राहिला आणि कवटी दुसरीवर गेली. कॉल्डवेल यांच्या गटाचं म्हणणं असं की पहिल्या अभ्यासात चुरडलेल्या कवटीवर भर दिला गेला आणि समोरच्या बाजूचा साचा सुटला. त्या साच्यात जे आकार दिसतात ते सापाचे नाहीत. हे वाचल्यावर माझं मत त्यांच्याकडे झुकलं. चुरडलेल्या हाडापेक्षा चांगला साचा मी कधीही पसंत करेन. हाड दबून फुटतं, तुकडे एकमेकांवर सरकतात. साच्यात निदान कडा जागच्या जागी असतात. त्यात सिलिकॉन ओतून ठसा घ्या, किंवा तिरपा उजेड टाकून फोटो काढा आणि प्रकाश एकेका दिशेने फिरवत पाहा, मग समजतं.

बाकी ज्या खुणा सांगितल्या जातात त्या मला तितक्या निर्णायक वाटत नाहीत. पाय आखूड होणं आणि धड लांबणं हे सरड्यांच्या अनेक शाखांत स्वतंत्रपणे पुन्हापुन्हा घडलेलं आहे. मणके मोजून साप ठरत नाही. सापाच्या मणक्यांना नेहमीच्या सांध्यांखेरीज एक जादा खुंटी आणि तिला बसणारी खाच असते, ती खरी बघायची. पण चपट्या झालेल्या, मिलिमीटरभराच्या मणक्यांत हे वाचणं किती अवघड असतं हे ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली बसून प्रयत्न केला आहे त्यालाच कळेल.

यावर आपल्याकडचं एक उदाहरण फार बोलकं आहे. गुजरातेत ढोली डुंगरी इथे लमेटा नावाच्या, डायनोसॉरच्या काळातल्या थरांत डॉ. धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात डायनोसॉरची अंडी आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची हाडं मिळाली होती. २००१ साली अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यातले काही मणके त्याच जादा सांध्यावरून सापाचे म्हणून ओळखले. पुढे दगडाची सफाई झाली, आणि २०१० साली सानाजेह इंडिकस हे नाव प्रसिद्ध झालं: साडेतीन मीटरचा साप, डायनोसॉरच्या घरट्यात, अंड्याभोवती वेटोळं घालून. हे शक्य झालं कारण नमुना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे होता, जागा माहीत होती, पुन्हा त्या जागी जाता आलं. वाचनात फरक पडला, तरी ज्याच्यावर वाद घालायचा ती वस्तू आणि तिचं ठिकाण दोन्ही शाबूत होतं.

टेट्रापोडोफिसचं नेमकं तेच नाही. नमुना खासगी मालकीचा, जर्मनीत सोल्नहोफेनच्या संग्रहालयाला उसना दिलेला. मालकाची मर्जी फिरली की अभ्यास थांबला. खाण माहीत नाही, थर माहीत नाही, दगडाच्या जातीवरून क्राटो म्हटलं जातं एवढंच. आता वर लक्षात ठेवायला सांगितलेला मुद्दा जोडा. डोलिकोसॉर बहुतेक समुद्राच्या गाळांत सापडतात, आणि तेही मुख्यतः क्रिटेशसच्या उत्तरार्धातल्या. मग हा सरडा साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीच्या, एका खंडाच्या पोटातल्या तळ्यात काय करत होता? त्या पातळीवर समुद्राचं पाणी आत आलं होतं का? की हा गट आधी गोड्या-खाऱ्या पाण्यात वाढला आणि नंतर समुद्रात गेला? नेमका थर माहीत असता तर त्याच्या वरखालचे पापुद्रे तपासून, मिठाचे ठसे आहेत का, समुद्री सूक्ष्मजीव आहेत का, हे बघता आलं असतं. साप की सरडा हा प्रश्न हाडांवरून सुटण्यासारखा आहे. याचं उत्तर मात्र कुठल्याशा अंगणात फरशी म्हणून बसलं असेल. मला जास्त हळहळ याची वाटते.

आता तुमचा मासा. घेऊ नका. १९४२ च्या कायद्यानंतर क्राटोचं फॉसिल परवानगीशिवाय काढून विकणं बेकायदा आहे, आणि या खाणींतून फॉसिलांचा ओघ सुरू झाला तो त्यानंतर कित्येक दशकांनी. ‘जुना संग्रह’ अशी चिठ्ठी असली तरी तिने काही सिद्ध होत नाही. दुसरं, बाजारातल्या लाद्यांवर कलाकारी भरपूर असते. कवटीला हाड जोडायचं, शेपटी रंगवायची, दोन मासे एकत्र चिकटवायचे. वरच्या रोमुआल्दो थरांतल्या इरिटेटर या डायनोसॉरचं नावच त्यातून आलं: विक्रेत्याने मुस्कट प्लास्टर लावून लांबवलेलं होतं आणि ते लक्षात आल्यावर संशोधकांची जी चिडचिड झाली ती नावात उतरली. तुमच्या कॉलेजच्या संग्रहात अशी जुनी लादी असेल तर दहापट भिंग घ्या आणि हाडाची कड पाहा. रंग पापुद्र्याच्या काठावरून खाली ओघळलेला दिसतो, हाड तसं ओघळत नाही. अतिनील दिव्याखाली हाड आणि डिंक वेगवेगळे चमकतात. प्रमुखांना विचारून अ‍ॅसिटोनचा बोळा एका कोपऱ्यात फिरवून बघा, बोळ्यावर रंग आला तर समजा.

हात साफ करायचा असेल तर घरचे तळ्याचे थर पुष्कळ आहेत. दख्खनच्या लाव्हाच्या दोन प्रवाहांमधे साचलेल्या गाळातून वरळीच्या टेकडीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच बेडूक आणि कासव मिळाले होते, आणि अंधेरीजवळच्या आंबोलीतून आणखी एका कासवाला २००३ साली सांकुकेमिस हे नाव मिळालं. ही कासवं मान आडवी दुमडणाऱ्यांपैकी, म्हणजे क्राटोचं आरारिपेमिस ज्या मोठ्या कुळातलं त्याच कुळातली. नागपूर-चंद्रपूरकडे असे थर अजून उघडे आहेत. परवानगी काढा, शिक्षकांना बरोबर घ्या, आणि एकही तुकडा उचलण्याआधी थराची उंची, दिशा आणि जागा वहीत लिहा, फोटो काढा.

आणि क्राटोचं वेड लागलंच असेल तर टुपांडॅक्टिलस नाव्हिगान्सचा २०२१ चा निबंध कुणालाही फुकट वाचता येतो. त्यातली मोठी छायाचित्रं उतरवून घ्या. मजकूर झाकून ठेवा, मानेचे मणके स्वतः मोजा, लाद्यांच्या करवतीच्या कडा कुठल्या हाडांतून गेल्या आहेत त्याची यादी करा आणि मग लेखकांशी ताडून पाहा.